गणिताचे मास्तर, बुद्धिबळाचे जगज्जेते

दहावीचे वर्ष लागले की आपल्याकडे बुद्धिबळाचा पट माळ्यावर जातो. शाळेत उभी हयात घालवलेल्या मला पालकांची काळजी समजते. पण एका वेळी एकच गोष्ट साधते, हा समज मात्र पटत नाही. तो खोटा ठरवणारा एक शिक्षक होऊन गेला. हॉलंडचे डॉ. मॅक्स युवे.

२० मे १९०१ रोजी अ‍ॅमस्टरडॅमजवळ त्यांचा जन्म झाला. १९२१ साली ते प्रथम राष्ट्रीय विजेते झाले. पुढे हा मान त्यांनी एकूण १२ वेळा मिळवला. दरम्यान गणिताचा अभ्यास चालूच होता. १९२६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या मुलींच्या शाळेत ते गणित शिकवू लागले. दोन्ही विषयांचे त्यांच्या डोक्यात भांडण नव्हते. बरोबरीच्या तत्कालीन एका नियमाने प्रत्येक डाव संपेलच असे नाही, हे १९२९ साली त्यांनी गणिताने सिद्ध करून दाखवले.

१९३५ साली त्यांची गाठ पडली जगज्जेत्या अलेखाइनशी. एकीकडे केवळ बुद्धिबळावर जगणारा असामान्य प्रतिभेचा खेळाडू, तर दुसरीकडे पगारी शिक्षक. ९ डावांनंतर युवे ३–६ असे मागे होते. त्यांनी धीर सोडला नाही. १४ डावांनंतर ७–७ अशी बरोबरी झाली. झांडफोर्टच्या २६व्या डावात उंट देऊन त्यांनी तीन प्यादी घेतली आणि प्याद्यांची ती फळी पुढे रेटून डाव जिंकला. ३० डावांअखेर गुण झाले १५½–१४½. मास्तर जगज्जेते झाले!

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण त्यानंतरही त्यांनी शाळा सोडली नाही. मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. अलेखाइनने १९२७ साली कापाब्लांकाला हरवल्यावर त्याच्याशी परतीचा सामना कधीच खेळला नाही. युवे यांनी मात्र अलेखाइनला दोनच वर्षांत पुन्हा संधी दिली आणि १९३७ साली ९½–१५½ असे ते हरले. पद गेले, पण शब्द राहिला. उदरनिर्वाह पदावर अवलंबून नसलेल्या माणसाला असे मोठेपण थोडे सोपे जात असेल. तरी ते दाखवावे लागतेच.

१९६४ साली ते संगणकशास्त्राचे प्राध्यापक झाले, तर १९७० ते १९७८ जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते. याच काळात त्यांचा एका मराठी घराशी संबंध आला. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा वादंग माजले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय युवे यांनी दिला. तरुणपणी मुलींच्या वर्गात फळ्यापुढे उभे राहिलेल्या शिक्षकाला हा प्रश्न अवघड वाटला नसावा.

२६ नोव्हेंबर १९८१ रोजी युवे वारले. त्याच वर्षी हैदराबादला रोहिणीताई आशियाई महिला विजेत्या झाल्या. पट माळ्यावर टाकण्यापूर्वी पालकांनी या दोघांची आठवण ठेवावी.