नियमाने आणि स्मरणाने

जोर्दानो ब्रूनो १५९२ च्या मे महिन्यात व्हेनिसमध्ये पकडला गेला. त्याला त्या शहरात बोलावून घेतले होते जोव्हान्नी मोचेनिगो या सरदाराने, आणि इन्क्विझिशनकडे त्याची तक्रार केली तीही मोचेनिगोनेच. बोलावले होते स्मरणविद्या शिकवण्यासाठी. चौकशीत ब्रूनोने दहा वर्षांपूर्वीची एक हकिगत सांगितली. पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा तिसरा आंरी याने त्याला विचारले होते, की तुझी ही स्मरणशक्ती उपजत आहे की जादूची? ती जादू नसून शास्त्र आहे, हे आपण राजाला पटवून दिले, असे ब्रूनो म्हणाला. पुढे १६०० साली रोममध्ये त्याला जिवंत जाळले, ते मुख्यतः त्याच्या धर्मविषयक मतांपायी. पण स्मरण ही जादू नव्हे, असा खुलासा एका विद्वानाला राजापुढे करावा लागला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कारण ब्रूनोच्या अटकेनंतर वर्षभरातच, १५९३ मध्ये, त्याच व्हेनिसमध्ये होराशियो गालास्सो याची पत्त्यांच्या खेळांवरची एक पुस्तिका छापली गेली. 'नियमाचे आणि स्मरणाचे' सुंदर खेळ, असे तिचे शीर्षक सांगते. एका घटनेतून दुसरी निघाली असे मी म्हणत नाही. मात्र ब्रूनोची सारी धडपड स्मरण ही जादू नाही हे सांगण्याची होती, आणि पत्तेवाल्याची नेमकी उलट होती. त्याला स्मरण जादू म्हणून खपवायचे होते.

'नियम' आणि 'स्मरण' या दोन शब्दांत पुढच्या चारशे वर्षांचा झगडा सामावला आहे.

नियमाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना अमेरिकेतला. विल्यम हेन्री कॉफ्रिन हा कलावंत सी स्टेबिन्स या नावाने खेडवळ विदूषकाच्या वेशात खेळ करी. १८९८ च्या सुमारास त्याने आपली मांडणी छापली. तत्त्व जुनेच होते, नाव मात्र त्याचे चिकटले. प्रत्येक पत्ता आधीच्यापेक्षा तीनने मोठा, आणि रंगांचा फेरा ठरलेला: किलवर, बदाम, इस्पिक, चौकट. किलवर एक्क्यामागे बदाम चव्वी, मग इस्पिक सत्ती, चौकट दश्शी, किलवर राजा, बदाम तिर्री. कॅट कितीही वेळा कापला तरी साखळी तुटत नाही. प्रेक्षकाने पत्ता ओढला, की त्याच्या वरचा पत्ता चोरून पाहायचा आणि मनात तीन मिळवायचे. पाठांतराची गरजच नाही.

दोषही तिथेच आहे. या कॅटात काळे आणि तांबडे पत्ते एकाआड एक येतात, आणि दर तेरा पानांनी तोच अंक पुढच्या रंगात परततो. पत्ते टेबलावर उताणे पसरले, तर रमी खेळणाऱ्या कुणाही चाणाक्ष माणसाला ते खटकेल. गुपित पत्त्यांतच लिहिलेले आहे. जादूगाराची बुद्धी जिथे ठेवली आहे तो कॅट प्रेक्षकाच्या हाती द्यायचा, म्हणजे जोखीमच.

यावरचा उपाय सोपा आणि कष्टाचा होता: कसलाच नियम न दिसणारा क्रम घ्यायचा आणि बावन्नच्या बावन्न पाने पाठ करायची. लुई निकोला या इंग्रज जादूगाराने १९२७ साली अशी पद्धत तपशिलाने छापली, आणि दहा वर्षांनी ह्यूगार्डच्या पत्त्यांच्या कोशातून ती सर्वदूर गेली. तिचा पाया म्हणजे अंकांना व्यंजने नेमून देणे. एकाला 'ट', दोनाला 'न' धरले तर बाराव्या जागेसाठी 'टिन' हा शब्द तयार होतो. मग जागेचा शब्द आणि पत्त्याचा शब्द यांचे मिळून एक विचित्र चित्र मनात रंगवायचे. युरोपात या कल्पनेचे मूळ सतराव्या शतकातल्या पिएर एरिगोन या फ्रेंच गणितज्ञापर्यंत नेतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. कटपयादी पद्धत, जिच्यात क, ट, प, य यांची किंमत एक, केरळच्या हरिदत्ताने सातव्या शतकातच वापरली होती. तिथे लक्षात ठेवायचे होते ग्रहगणिताचे आकडे, इथे किलवरचा गुलाम, इतकाच फरक.

ओळीने बावन्न नावे म्हणता येणे म्हणजे मात्र कॅट पाठ होणे नव्हे. 'एकतिसावा कोणता?' आणि 'चौकट पंजी कितवी?' ही दोन्ही उत्तरे सुरुवातीपासून न मोजता यायला हवीत. पाढ्यांसारखेच हे. ते साधले की शक्यता एकदम वाढतात. प्रेक्षकाने कॅटाच्या वरून वाटेल तेवढा गठ्ठा उचलला आणि त्याच्या तळचा पत्ता ओझरता दिसला, तर पाने मोजावी लागत नाहीत. तो पत्ता सतरावा असेल तर गठ्ठा सतरा पानांचा. मात्र पत्ते खरोखर पिसू देता येत नाहीत. म्हणजे क्रम न मोडता पिसल्याचा आभास करावा लागतो, आणि बुद्धीच्या या खेळात हातचलाखी मागच्या दाराने परत येते.

स्मरणाचे उघड प्रयोग आपल्याकडे परिचित आहेत. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी मुंबईत रायचंदभाईंपुढे ठाऊक होते तेवढे युरोपीय भाषांतले शब्द वाचून संपवले. शतावधानी रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. ही हकिगत गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे. तिथे थक्क होणाऱ्याला आपण कशाने थक्क झालो हे ठाऊक असते. पत्तेवाल्याला ही दाद घेता येत नाही. महिनोन्‌महिने घोकलेले कुणाच्या लक्षात आले, की त्याचा प्रयोग फसला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या विद्येला दोन मोठे अभ्यासक लाभले. शिकागोचे वकील सायमन अ‍ॅरनसन यांनी १९७९ मध्ये आपला क्रम पुस्तकातून खुला केला. तो दिसायला विस्कळीत, पण पोकरचे ठरावीक डाव त्यात आधीच लपवलेले. माद्रिदच्या हुआन तामारीझ यांचा ग्रंथ स्पेनमध्ये २००० साली निघाला. त्यांचा क्रम किलवर चव्वी, बदाम दुर्री, चौकट सत्ती, किलवर तिर्री असा सुरू होतो. नियम शोधू गेल्यास डोळ्यांना काहीच सापडत नाही.

आणि तरीही नियम आहे! पत्ते बरोबर अर्धे करून एकाआड एक गुंफत पिसले, आणि वरखालची पाने जागच्या जागी राहिली, तर अशा आठ अचूक पिसण्यांनंतर बावन्न पाने मूळ क्रमावर येतात. तामारीझ चौथ्या पिसण्याला, म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबतात आणि आणखी थोडी फिरवाफिरव करून नव्या कॅटातून आपला क्रम काढतात. गालास्सोचे दोन्ही शब्द इथे एकत्र आले: क्रम बांधायला नियम आणि चालवायला स्मरण.

रंगमंचावर तामारीझ मोठ्याने ओरडतात, हातवारे करतात आणि जादू साधली की खांद्यावर नसलेले व्हायोलिन वाजवतात. अनेकांना हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. मला वाटते, चौकट पंजी कितवी हे आठवायला लागणारा अर्धा क्षण याच गोंगाटात बेमालूम बुडून जातो.