गीतमालेचे पहिले क्रमांक : एका श्रोत्याची मते

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाची सांगीतिक अभिरुची कोणी घडविली, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे झाल्यास बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांच्या जोडीने एका दंतमंजनाचेही नाव घ्यावे लागेल. बिनाका या टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी सुरू झालेली 'गीतमाला' ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून प्रथम ऐकू आली आणि पुढील चार दशके तिने हिंदी चित्रपटगीतांचे क्रमांक लावले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नाट्यपदांच्या तबकड्या दोन-चारच असत. बुधवारी रात्री आठ वाजता मात्र कोलंबो लावले जाईच. तेव्हा या क्रमांकांकडे इतिहासाचे एक साधन म्हणून पाहावे, आणि जमल्यास त्यांच्याशी थोडे भांडावेही, असा या लेखाचा हेतू आहे.

मुंबईत तयार झालेली गाणी ऐकण्यासाठी समुद्रापलीकडच्या कोलंबोकडे कान का लावावा लागला, हे आज तरुण वाचकांस सांगणे अवश्य आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर मूळचे पुण्याचे, काशी विद्यापीठात शिकलेले, फ्रान्समध्ये डॉक्टरेट मिळविलेले आणि शास्त्रीय संगीताचे खरे जाणकार. चित्रपटगीते दिवसेंदिवस पाश्चात्त्य वळणावर जात असून आकाशवाणीने त्यांना आश्रय देऊ नये, असे त्यांचे ठाम मत होते. गीतांचा वाटा कमी करण्यात आला. शिवाय चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे फुकट जाहिरात, असे ठरवून केवळ गायकाचे नाव सांगण्याचा पायंडा पडला. निर्मात्यांनी चिडून परवानग्या काढून घेतल्या आणि चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले.

कोलंबोस दुसऱ्या महायुद्धातील दक्षिणपूर्व आशिया सेनाविभागाचे शक्तिमान लघुलहरी प्रक्षेपक पडून होते. युद्धानंतर ते सिलोन सरकारच्या हाती आले आणि १९५० पासून तेथे जाहिरातींवर चालणारी व्यापारी सेवा सुरू झाली. दिल्लीने दार लावले तेव्हा कोलंबोचे दार उघडेच होते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, फिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून लघुलहरींवर स्वार होऊन आपल्या घरी परत येत. लघुलहरींचा गुण असा की, त्यांना प्रांतांच्या सीमा ठाऊक नसतात. मुंबई-पुण्याच्या मध्यम लहरी आमच्या बिलासपूरच्या रेल्वे वसाहतीपर्यंत येता येता धापा टाकीत. कोलंबो मात्र लख्ख लागे. दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांवर गीतमालेचा पगडा अधिक बसला, याचे एक कारण हे असे निव्वळ तांत्रिक आहे.

निवेदक होते अमीन सायानी, वय अवघे वीस. आरंभी कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. सात गीते कोणत्याही क्रमाने वाजविली जात आणि लोकप्रियतेप्रमाणे त्यांचा क्रम लावून पाठविणाऱ्यास शंभर रुपयांचे बक्षीस असे. पहिल्याच कार्यक्रमास सुमारे नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्यास साठ हजारांच्या वर गेला. एवढी पत्रे उघडणेही अशक्य झाल्यावर स्पर्धेचे रूप बदलून खालच्या पायरीवरून वरच्या पायरीकडे जाणारी क्रमवारी आली. तिच्यासाठी दुकानांतील तबकड्यांच्या खपाचे आकडे घेतले जात. पण खप कृत्रिमरीत्या फुगविता येतो हे ध्यानात येताच गावोगावच्या श्रोतासंघांच्या पसंतीचीही त्यास जोड देण्यात आली. ठराविक आठवडे टिकलेले गीत 'सरताज गीत' म्हणून बिगुलाच्या निनादात निवृत्त होई. सरकारी सेवेत निवृत्तीचा समारंभ इतका थाटाचा होत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

वर्षअखेरीस साऱ्या वर्षाचा हिशेब होऊन एक गीत पहिले ठरे. या वार्षिक पहिल्या क्रमांकांची यादी आज समोर ठेवली म्हणजे मौज वाटते. १९५३ चा मान 'अनारकली'तील लताबाईंच्या गीतास मिळाला. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. मराठी मंत्र्याने ज्या संगीतास दाराबाहेर काढले, त्याच्या शिरावर कोलंबोने पहिला तुरा खोवला तो मराठी संगीतकाराच्या आणि मराठी गायिकेच्या हातून. हा निर्णय माझ्या मते आजही अबाधित आहे.

१९५७ च्या निर्णयाविषयी तसे म्हणता येणार नाही. आमच्या वडिलांनी त्याच वर्षी रेडिओ घेतला, पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढला आणि क्रमांक टिपण्यासाठी एक वही घातली. त्या वहीत वार्षिक पहिल्या क्रमांकापुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेले आहे. ते वर्ष कसले होते पाहा. नौशादांचा 'मदर इंडिया', सचिनदेव बर्मनांचा 'प्यासा', ओ. पी. नय्यर यांचा 'नया दौर' आणि वसंत देसाईंचा 'दो आँखे बारह हाथ', हे सारे एकाच वर्षातले. आणि पहिले आले ते 'जनम जनम के फेरे' या चित्रपटातील रफी व लता यांचे द्वंद्वगीत, संगीतकार एस. एन. त्रिपाठी. गीत वाईट आहे असे कोण म्हणेल? शिवरंजनीची हुरहूर त्यात आहे आणि पौराणिक चित्रपटांच्या शिक्क्याखाली दबलेल्या एका गुणी संगीतकारास त्यामुळे एकदा तरी मानाचा पाट मिळाला, याचा मला आनंदच वाटतो. तथापि तुलना केल्यावाचून राहवत नाही. या द्वंद्वगीताचे कवी भरत व्यास; आणि शांतारामबापूंच्या चित्रपटातील कैद्यांच्या प्रार्थनेचे कवीही भरत व्यासच. एकाच लेखणीतून एकाच वर्षी उतरलेल्या दोन गीतांपैकी एकाने वर्ष जिंकले. दुसरे शाळांच्या प्रांगणात शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी राहिले. शाळेतील प्रार्थनेसाठी कोणी तबकडी विकत घेत नाही, म्हणून खपाच्या आकड्यांत ती दिसत नाही. वडिलांच्या प्रश्नचिन्हाचा अर्थ मी असा लावतो.

मात्र गीतमालेवर टीका करताना केसकरांची बाजू एकदम सोडून देणे मला प्रशस्त वाटत नाही. १९५५ साली गीतमालेत 'श्री ४२०' मधील मुकेशचे गीत पहिले आले. जपानी पादत्राणांपासून रशियन टोपीपर्यंतची वेषभूषा करून हृदय मात्र हिंदुस्थानी ठेवणारा तो नायक सर्वांच्या परिचयाचा आहे आणि त्याचा पहिला क्रमांक योग्यच होता. परंतु त्याच वर्षी, १ एप्रिल रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, केसकरांच्याच खात्याच्या पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन्न गीते वर्षभर प्रसारित झाली. त्यांना क्रमांक नव्हते, जाहिरात नव्हती, शंभर रुपयांचे बक्षीसही नव्हते. श्रोत्यांस काय आवडते हे न विचारता काय द्यावे हे ठरविणारी नभोवाणी एरवी मला जाचक वाटते. तरीही त्याच नभोवाणीने हे कार्य केले, ही गोष्ट नोंदविली पाहिजे. आम्हां दूरस्थांना ते लहरींवरून मिळाले नाही. ते पुढे केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाच्या पुस्तकातून आणि मग तबकड्यांतून मिळाले. इतकी वर्षे शासकीय सेवेत काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, परिपत्रकाने एखादे गीत थांबविता येते, एखाद्या सीताकांत लाडांसारख्या अधिकाऱ्यास मोकळीक दिली तर एखादे घडविताही येते. पण लोकांच्या ओठांवर काय असावे याची आज्ञा काढता येत नाही. केसकरांनी थांबविण्यावर अधिक श्रम खर्च केले, ही माझी त्यांच्याविषयीची तक्रार. खुद्द त्यांच्याच कारकिर्दीत, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीला विविध भारती सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा घरात घ्यावे लागले.

विविध भारतीच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते पंडित नरेंद्र शर्मा स्वतः कवी होते. १९६१ साली त्यांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत 'भाभी की चूडियाँ' या चित्रपटात एकत्र आले. हा आपल्या 'वहिनींच्या बांगड्या'चाच हिंदी अवतार. त्यातील लताबाईंचे पहाटेचे गीत माहीत नाही असे मराठी घर, भारतात कोठेही असो, मला आढळलेले नाही. त्या वर्षी पहिले कोण आले? 'ससुराल'मधील रफीसाहेबांचे गीत. नायिकेच्या मुखड्यास दृष्ट लागू नये अशी चिंता वाहणारे. शंकर-जयकिशन यांच्या चालीतील गोडवा मी नाकारीत नाही. लग्नाच्या वरातीत बँडवाले ते वाजवीत आणि उत्तम वाजवीत. पण जयदेवांचा 'हम दोनों' आणि सलील चौधरींचा 'काबुलीवाला' ज्या वर्षी आले, त्या वर्षाची ओळख या गीताने करून द्यावी, हे मला पटत नाही ते नाहीच.

सातव्या दशकातील बाकीच्या निकालांवर अधिक वेळ घालवीत नाही. रोशन यांच्यासारख्या अबोल संगीतकारास 'बरसात की रात' (१९६०) आणि 'ताजमहल' (१९६३) असे दोनदा प्रथम स्थान मिळाले, हे गीतमालेचे पुण्यकर्म. १९६६ मध्ये 'सूरज' पहिला आला. तेथे एकट्या गीतमालेस दोष देणे अन्याय्य होईल. फिल्मफेअरच्या परीक्षकांनीही 'गाईड'ला डावलून संगीताचे पारितोषिक 'सूरज'लाच दिले. जाणकारांची समिती नेमली म्हणजे निर्णय सुधारतोच असे नाही, याचा अनुभव सरकारी कचेरीत काम केलेल्यांस वेगळा सांगावयास नको.

१९७५ चा पहिला क्रमांक मात्र मी संगीतापेक्षा इतिहासासाठी जपून ठेवीन. 'रोटी कपडा और मकान' हा चित्रपट १९७४ च्या उत्तरार्धात आला. महागाईने कंबरडे मोडल्याचे गाऱ्हाणे त्यातील कव्वालीत होते. कवी वर्मा मलिक, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. चाल म्हणून ती असामान्य नाही. परंतु १९७३-७४ मध्ये धान्य, तेल, साखर आणि रॉकेल यांच्या रांगांत जे उभे राहिले, त्यांनी ती उचलून धरली आणि ज्या वर्षी जूनमध्ये देशात आणीबाणी पुकारली गेली, त्याच वर्षाच्या शिरोभागी हे गीत बसले. आमच्या घरी महागाई भत्त्याच्या हप्त्याची चर्चा आणि हे गीत एकदमच चाले. आठवड्याच्या खपाचे आकडे येथे वर्तमानपत्राच्या अग्रलेखाहून अधिक बोलके ठरले. एरवी ज्या पद्धतीस मी नावे ठेवतो, तिचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

राहता राहिले मदनमोहन. 'अनपढ', 'वह कौन थी', 'हकीकत', 'मेरा साया' असे एकाहून एक सरस चित्रपट त्यांच्या नावावर; आपल्या मंडळाच्या कोजागिरीस गाणाऱ्या भगिनींकडे फर्माईश होते तीही बहुधा त्यांच्याच चालींची. परंतु त्या साऱ्या वर्षांत वार्षिक पहिला क्रमांक त्यांच्या वाट्यास कधी आला नाही. १४ जुलै १९७५ रोजी ते वारले. 'लैला मजनू'चे काम अपुरे राहिले होते. ते जयदेवांनी पुरे केले. चित्रपट १९७६ मध्ये आला आणि त्यातील मदनमोहनांच्या चालीवर लताबाईंनी गाइलेले गीत १९७७ च्या वार्षिक यादीत पहिले आले. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. बिगुल वाजला तेव्हा वडिलांनी वहीत क्रमांक लिहिला आणि त्यापुढे संगीतकाराचे नाव पूर्ण लिहिले, एवढे मला स्मरते. एरवी ते केवळ चित्रपटाचे नाव लिहीत.

त्या वहीतील पुढील पाने विरळ होत गेली आहेत. ध्वनिफिती आल्या, तबकड्यांचा खप हे माप निकामी होऊ लागले, दूरदर्शनने बुधवारची संध्याकाळ 'चित्रहार'साठी मागून घेतली. टूथपेस्टचे नाव बदलून सिबाका झाले, तेव्हा कार्यक्रमाचेही नाव बदलले. १९८८ मध्ये कोलंबोवरील गीतमाला थांबली आणि १९८९ पासून ती विविध भारतीवरून सुरू झाली. ज्या आकाशवाणीने ही गीते दाराबाहेर ठेवली होती, तिच्याच स्टुडिओतून अमीन सायानींचा आवाज १९९४ पर्यंत ऐकू येत राहिला. सायानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले. वडिलांची वही माझ्यापाशी आहे. शेवटची नोंद १९८६ च्या मार्चमधील असून तीत चौथ्या पायरीपुढील जागा कोरी आहे.