जुन्या ॲल्युमिनियम नौकेची घरच्या घरी दुरुस्ती

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेतील विमान कारखान्यांपुढे एक प्रश्न उभा राहिला. लढाऊ विमानांची मागणी ओसरणार होती. मात्र ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आकार देणारी यंत्रे आणि रिव्हेट ठोकण्यात तरबेज झालेले कामगार यांचे पुढे काय करायचे? न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर नौदलासाठी ‘हेलकॅट’ विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीला याचे एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडले. कंपनीचे उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ साली ॲडिरोंडॅक पर्वतातील तळ्यांच्या सफरीवर गेले होते. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यापर्यंत लाकूड व कॅनव्हासची जड होडी खांद्यावरून वाहताना, हीच होडी विमानाच्या पत्र्याची का करू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. १९४५ पासून ग्रमनच्या ॲल्युमिनियम होड्या तयार होऊ लागल्या. पाठोपाठ १९४६ मध्ये मिनेसोटात ‘ॲल्युमाक्राफ्ट’ सुरू झाली आणि पुढील दोन दशकांत १२ ते १६ फूट लांबीच्या रिव्हेटच्या नौका उत्तर अमेरिकेतील तळ्यातळ्यांवर दिसू लागल्या.

त्यांपैकी कितीतरी नौका आजही गोठ्यामागे, अंगणात किंवा झाडाखाली पालथ्या पडलेल्या आढळतात. अशी नौका स्वस्तात विकत घेऊन घरी दुरुस्त करणे हा तिथला लोकप्रिय उद्योग आहे. मात्र हे काम रंगरंगोटीचे आहे, अशी समजूत करून घेतलेल्यांची नौका पहिल्याच फेरीत गळू लागते. साठ-सत्तर वर्षांच्या नौकेत पत्रा बहुधा शाबूत असतो. निकामी झालेले असते ते त्याला चिकटलेले सारे काही: कुजलेले लाकूड, पाणी प्यालेला फोम, सैल झालेले रिव्हेट आणि परक्या धातूचे स्क्रू. या सोबत्यांची नीट निवड करणे म्हणजेच नौकेची दुरुस्ती होय.

धातूचा स्वभाव

ॲल्युमिनियम पोलादाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश वजनाचे असते. हवेचा स्पर्श होताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर चढतो आणि हा थरच आतील धातूचे रक्षण करतो. त्यामुळे गोड्या पाण्यात वापरायची नौका रंग न देताही दीर्घकाळ टिकते. तीव्र आम्ल अथवा तीव्र अल्कली लागली, तर मात्र हा थर विरघळतो. चिंच-कोकमाचे कालवण ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये, हे आपल्याकडील गृहिणींना ठाऊक असते. तेच शास्त्र नौकेलाही लागू पडते.

दुसरा धोका कोंडलेल्या ओलाव्याचा. तळाशी साचलेला पालापाचोळा, भिजलेले गालिचे किंवा ओला फोम पत्र्याला चिकटून राहिला, की तेथे प्राणवायू पोहोचत नाही, संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही आणि पत्र्याला बारीक खड्डे पडू लागतात. बाहेरून निर्दोष दिसणारा तळ आतून चाळणीसारखा झालेला असू शकतो.

तिसरा धोका परक्या धातूंचा. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले, तर त्यांची विद्युत्घटासारखी जोडी बनते आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो. तांबे, पितळ किंवा पोलाद यांच्या संगतीत हा बळी ॲल्युमिनियमचा जातो. १८९५ च्या अमेरिका चषकासाठी हेरेशॉफ यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘डिफेंडर’ या शर्यतीच्या नौकेत पाण्याखालचे पत्रे कांस्याचे, वरचे ॲल्युमिनियमचे आणि फासळ्या पोलादाच्या होत्या. नौका हलकी होती, वेगवान होती आणि तिने चषकही राखला. पण धातूंच्या या संगतीने ती झपाट्याने पोखरली गेली आणि १९०१ मध्ये मोडीत काढावी लागली.

विकत घेण्यापूर्वी

नौका उलटी करून कण्यालगतची रांग, तळाचे जोड आणि मागचे कोपरे बोटाने चाचपून पाहावेत. नौकेच्या मागच्या टोकाला यंत्र अडकवण्यासाठी जी उभी भिंत असते, तिला ट्रान्सम म्हणतात. यंत्र बसवण्याच्या जागी दोन्ही हातांनी जोर देऊन ती हलते का, हे पाहावे. हलत असेल तर आतील लाकूड संपले आहे, असे समजावे. बाके जिथे बाजूच्या पत्र्याला जोडलेली असतात तिथे आणि ट्रान्समच्या कोपऱ्यांत केसाएवढ्या भेगा शोधाव्यात. वारंवार हादरे बसून ॲल्युमिनियम थकते आणि भेगा तेथूनच सुरू होतात. पोचे आलेले असले तरी घाबरण्याचे कारण नाही. भेगा आणि खोल खड्डे यांचा हिशेब मात्र आधी करावा.

कागदपत्रेही पाहावीत. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या नौकेवर १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक कोरणे बंधनकारक झाले. त्याआधीच्या नौकांवर तो नसतो, म्हणून मालकीचा जुना दाखला विक्रेत्याकडून मिळवणे महत्त्वाचे ठरते.

आधी पाणी, मग हत्यार

दुरुस्तीचे पहिले पाऊल म्हणजे गळती शोधणे. त्यासाठी नौका पाण्यात न घालता पाणी नौकेत भरतात. जमिनीपासून थोडी उंच, फळ्यांच्या भक्कम आधारावर नौका ठेवावी आणि तळाचे रिव्हेट बुडतील इतपतच पाणी भरावे. चार मीटर लांब व एक मीटर रुंद तळावर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ४०० लिटर, अर्थात ४०० किलो वजन. आधार अपुरा असेल तर या चाचणीनेच तळ वाकेल. बाहेरच्या बाजूने जिथे जिथे थेंब दिसेल तिथे मेणखडूने खूण करावी. शिसपेन्सिल वापरू नये. तिच्यातील ग्राफाइट ओलाव्यात ॲल्युमिनियम खातो, म्हणून विमानाच्या पत्र्यावरही ती वर्ज्य मानतात. सर्व खुणांचे छायाचित्र घेऊन मगच पाणी सोडावे.

रिव्हेटची दुरुस्ती

गळणारा प्रत्येक रिव्हेट बदलण्याची गरज नसते. अनेक रिव्हेट केवळ सैल झालेले असतात. एकाने बाहेरून डोक्यावर हवेच्या दाबाच्या हातोडीने ठोके द्यायचे आणि दुसऱ्याने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे ते पुन्हा घट्ट बसतात. हे दोन माणसांचे काम आहे आणि दोघांची लय जुळावी लागते.

जो रिव्हेट झिजला असेल तो काढताना ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीइतकेच खोल चालवावे, डोके उडवावे आणि उरलेला दांडा हलकेच ठोकून बाहेर काढावा. ड्रिल वाकडे गेले तर भोक मोठे होते. तसे झाल्यास पुढील मापाचा रिव्हेट वापरावा. नवा भरीव रिव्हेट जोडातून आरपार गेल्यावर पलीकडे त्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट लांबी उरली पाहिजे. ४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी ही लांबी सुमारे ७ मिलिमीटर होते. ती कमी पडली तर डोके नीट तयार होत नाही; जास्त झाली तर दांडा आडवा पडतो.

आतून हात पोहोचत नसेल तिथे एकाच बाजूने बसवता येणारे पॉप रिव्हेट वापरतात. त्यांत बंद टोकाचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचेच घ्यावेत आणि बसवण्यापूर्वी नौकेसाठीच्या पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवावेत. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या पॉप रिव्हेटच्या मधून पाणी येते आणि त्यातील पोलादी दांडा गंजतो.

भेगेच्या दोन्ही टोकांना सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडले, म्हणजे ती पुढे सरकत नाही. नंतर आतून त्याच जातीच्या मिश्रधातूचा तुकडा सीलंट लावून रिव्हेटने बसवावा. वेल्डिंगचा मोह मात्र टाळलेला बरा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर त्यावरील ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर. शिवाय तापताना हा धातू लाल होत नाही. सूचना न देता एकाएकी वितळून भोक पडते. ग्रमनच्या होड्यांचा पत्रा उष्णतासंस्कार करून कठीण केलेला असतो; वेल्डिंगच्या आसपास ही कठीणता निघून जाते.

ट्रान्समचे लाकूड

यंत्राचा सारा जोर ट्रान्सममधील लाकडावर येतो. जुना तुकडा मोडक्या अवस्थेत असला तरी फेकू नये, तोच नव्याचा साचा असतो. १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायवूडचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून सुमारे ३८ मिलिमीटर जाडीची फळी तयार होते. आपल्याकडे मरीन प्लायवूडवर आयएस ७१० ही भारतीय मानकाची खूण असते. फळीच्या कडांना इपॉक्सीचे किमान दोन-तीन हात द्यावेत, कारण पाणी कडांतूनच आत शिरते. बोल्टसाठी भोके थोडी मोठी पाडून ती इपॉक्सीने भरावीत आणि सुकल्यावर त्यातून योग्य मापाचे भोक पाडावे. अशाने बोल्टभोवती लाकूड उघडे राहत नाही.

या टप्प्यावर एक चूक वारंवार घडते. लाकूड कुजू नये म्हणून अनेकजण वाळवी-प्रतिबंधक रसायन भरलेले लाकूड आणतात. २००४ पासून अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिकऐवजी तांब्याचे प्रमाण अधिक असलेली रसायने वापरली जातात. ओले झाले की हे तांबे ट्रान्समचा पत्रा आतूनच पोखरते. टिकावे म्हणून लावलेले लाकूडच नौकेचा घात करते. साधे मरीन प्लायवूड आणि काळजीपूर्वक दिलेले इपॉक्सी हाच सुरक्षित मार्ग. बोल्ट स्टेनलेस पोलादाचे असावेत आणि त्यांच्याखाली नायलॉनचे वॉशर घालावेत.

तरंगण्याचे गणित

दुरुस्तीतील सर्वांत दुर्लक्षित पण जिवाशी थेट संबंध असलेला भाग म्हणजे बाकांखालील व जमिनीखालील फोम. नौका पाण्याने भरली तरी ती बुडू नये, यासाठीच तो असतो. जुना फोम पाणी शोषून जड झाला असेल तर तो काढावाच लागतो. परंतु काढलेल्या जागी सामानाचे कप्पे करून नौका पाण्यात नेणे हा जिवाशी खेळ आहे.

हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट असते, म्हणून बुडालेला धातू आपल्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भार पाण्यावरच सोडतो. नौकेचा पत्रा १०० किलोचा असेल तर उरलेल्या ६३ किलोंना आधार हवा. यंत्र, बॅटरी आणि टाकी यांचे ६० किलो धरले तर बेरीज १२३ किलो होते. नेहमीच्या फोमचे १०० लिटर सुमारे ९७ किलो भार उचलतात. म्हणजे केवळ रिकामी नौका पाण्यावर राहण्यासाठीच जवळजवळ १३० लिटर फोम लागेल. तिला धरून राहणाऱ्या माणसांसाठी त्याहून पुष्कळ अधिक. तो दोन्ही बाजूंना सारखा वाटून, शक्य तितका उंच बसवावा, म्हणजे भरलेली नौका उलटत नाही. पॉलिस्टायरीनचा फोम पेट्रोलने विरघळतो, हे ध्यानात ठेवून तो टाकीपासून दूर किंवा बंदिस्त कप्प्यात ठेवावा. फोम आणि तळ यांच्यामध्ये पाणी वाहून जायला वाट ठेवावी.

रंग: काम शेवटचे, काळजी पहिली

जुन्या रंगात शिसे आणि जुन्या पिवळट-हिरव्या प्रायमरमध्ये कर्करोगकारक झिंक क्रोमेट असू शकते. म्हणून कोरडे घासणे टाळावे. पॉलिशपेपर ओला करून वापरावा, धूळ गाळणारा योग्य मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा कदापि वापरू नये. तो ॲल्युमिनियमच विरघळवतो आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण पत्र्यात रुतून पुढे गंजाचे डाग उठतात. घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर ऑक्साइड लगेच चढू लागते, त्यामुळे त्याच दिवशी ॲल्युमिनियमसाठीचा एचिंग किंवा इपॉक्सी प्रायमर द्यावा. गोड्या पाण्यातील नौकेचा आतील भाग बिनरंगाचा ठेवला तरी चालतो.

गोव्याच्या पाण्यात

आपल्याकडे लाकडी आणि फायबरच्या होड्यांचीच परंपरा आहे. तथापि ॲल्युमिनियमची नौका कोणी येथे वापरू पाहील, तर वरील नियम अधिकच कडक होतात. मांडवी आणि झुआरीच्या मुखाजवळचे पाणी भरती-ओहोटीबरोबर खारे-निमखारे होत राहते. मिठाच्या पाण्यात परक्या धातूची झीज कैकपट वेगाने होते. म्हणून तळाला झिजण्यासाठीच बसवलेले धातूचे ठोकळे, म्हणजे ॲनोड, लावावे लागतात: समुद्राच्या पाण्यात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, तर निमखाऱ्या पाण्यात विशिष्ट ॲल्युमिनियम मिश्रधातूचे. त्यांवर रंग देऊ नये. तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून लावले जाणारे तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमवर मुळीच चालत नाहीत. विजेच्या तारा नेहमी दोन असाव्यात; नौकेच्या पत्र्याचा परतीची तार म्हणून उपयोग करू नये. प्रत्येक फेरीनंतर नौका गोड्या पाण्याने धुवावी आणि पावसाळ्यात ती पालथी, हवा खेळती राहील अशी ठेवावी. यंत्र बसवलेली नौका अंतर्गत जलमार्गावर चालवण्यापूर्वी तिची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे करावी लागते.

सर्व काम झाल्यावर पहिली फेरी उथळ पाण्यात, काठाजवळ, जीवरक्षक जाकीट घालून करावी. पंधरा-वीस मिनिटांनी तळ तपासावा. तो कोरडा असेल तर दुरुस्ती साधली असे समजावे. ओला असेल तर मेणखडू पुन्हा हाती घ्यावा.