बिनबोलावलेला राखणदार

आमच्या महाड-पोलादपुराकडे कपाशी पिकत नाही; भात, नाचणी, वरी हेच आमचे धन. तरी दिवाळीच्या पणतीतली वात कापसाचीच, आणि तो कापूस घाटापलीकडच्या काळ्या रानात पिकतो. त्या रानातल्या एका लढाईची हकीकत सणाच्या निमित्ताने सांगावी, असे मला वाटते.

कुंभारीण आपल्याकडे घरोघरी ओळखीची. भिंतीवर मातीचे घरटे बांधायचे, त्यात सुरवंट किंवा कोळी कोंबायचे, अंडे घालायचे आणि दार लिंपून टाकायचे, हा तिचा संसार. गांधीलमाश्यांच्या या विशाल गोतावळ्यातल्या काही जाती इतक्या बारीक, की त्या भक्ष्यालाच घर करतात. पांढऱ्या माशीचे पिल्लू पानामागे चिकटून रस पीत असते. त्याच्याच अंगात अंडे घालतात. आतली अळी त्याला पोखरून वाढते.

१९२६ साली इंग्लंडातल्या एका टोमॅटो-बागायतदाराला काचघरात पांढऱ्या माशीची काही पिल्ले काळी पडलेली दिसली. चेसहंटच्या संशोधन केंद्रातील स्पायर यांनी त्यांचा छडा लावला. त्यांतून निघाली ‘एन्कार्सिया फॉर्मोसा’, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर! पुढे ती वाढवून बागायतदारांना पुरवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि ही इवलीशी चाकरी विस्मृतीत गेली. औषधांना किडी जुमानीनाशा झाल्या, तेव्हा १९७०च्या सुमारास तिची पुन्हा आठवण झाली.

तोच धडा आपल्याकडे फार महाग पडला. १९८०च्या दशकात आंध्रातल्या गुंटूर-प्रकाशम भागात बोंडअळीसाठी कपाशीवर नव्या औषधांचा मारा झाला. त्यात पांढऱ्या माशीचे वैरी मेले, माशी मात्र माजली. आणि कापूसवाला कर्जात बुडाला.

२००५ नंतर अमेरिकेकडचा पिठ्या ढेकूण पंजाब, गुजरात, महाराष्ट्रातल्या कपाशीवर उतरला. शेतकरी फवारून थकले. आणि २००८ साली या ढेकणांत एक गांधील सापडली. ती कोणी मागवली नव्हती, कोणी सोडली नव्हती. एका ढेकणात एक अंडे, असा तिचा हिशेब. ढेकूण तपकिरी, टणक कवच होऊन मरे. दोन-तीन हंगामांत त्याचा जोर ओसरला. २००९ साली हयात यांनी तिला शास्त्रज्ञ बंबावाले यांच्या गौरवार्थ ‘एनासियस बंबावालेई’ हे नाव दिले. पुढे ही अमेरिकेतली जुनीच जात ठरली आणि नाव बदलून ‘अ‍ॅरिझोनेन्सिस’ झाले. नाव गेले, काम चालूच राहिले!

मला यातली गोष्ट मोलाची वाटते ती एवढीच, की राखणदार अनेकदा न बोलावता येतो. आपण त्याला मारू नये, म्हणजे झाले. पंप पाठीला लावण्याआधी पान उलटून पाहावे. परसातल्या वांगी-भेंडीच्या पानामागेही एखाद्या सुकल्या पिल्लाच्या पाठीवर वाटोळे भोक दिसेल. तिथून तो बाहेर पडला आणि पुढच्या पानावर कामाला गेला, असे समजावे.