पंधरा मिनिटांची भेट : ॲक्रनपासून वांद्र्यापर्यंत, व्हाया पुणे

१/ व्यसनमुक्तीचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर कायदे, डॉक्टर आणि इस्पितळे येतात. पण त्यातले एक मोठे वळण दोन दारुड्यांच्या मैत्रीने घेतले. त्या मैत्रीची मुळे एका ख्रिस्ती चळवळीत होती आणि तिच्या फांद्या महाराष्ट्रापर्यंत पोहोचल्या. आजचा धागा त्याच प्रवासाचा.

२/ अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. कायदा आला, चोरटी दारू फोफावली, कायदा गेला. व्यसनी मात्र जिथे होता तिथेच राहिला. त्याला बहुतेक लोक पापी तरी समजत, नाहीतर दुबळ्या मनाचा.

३/ त्याच काळात फ्रँक बुकमन या अमेरिकन लूथरन धर्मोपदेशकाची ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ ही चळवळ जोरात होती. तिची रीत साधी होती : घरात छोट्या गटाने बसायचे, आपले दोष मोकळेपणाने कबूल करायचे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करायची आणि दुसऱ्याला हात द्यायचा.

४/ नोव्हेंबर १९३४. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील अपयशी विश्लेषक बिल विल्सन यांच्याकडे त्यांचे जुने मित्र एबी थॅचर आले. एकेकाळी दोघे मिळून पीत. या वेळी थॅचर यांनी समोरचा पेला नाकारला. ऑक्सफर्ड ग्रुपने त्यांना सावरले होते. पुढच्याच महिन्यात विल्सन यांनी दारू सोडली.

५/ मे १९३५. कामानिमित्त विल्सन ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात होते. व्यवहार फसला होता. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि स्थानिक चर्चची यादी. त्यांनी टेलिफोन निवडला. मागणी विचित्र होती : मला बोलायला एखादा दारुडा हवा आहे.

६/ गाठ घालून देण्यात आली ती शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि काही तास बसले. कारण समोरचा माणूस उपदेश करीत नव्हता, स्वतःची कहाणी सांगत होता. स्वतः सावरून राहण्यासाठी त्यालाही या संवादाची तितकीच गरज होती.

७/ डॉ. स्मिथ यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. हाच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो. १९३९मध्ये त्यांच्या ग्रंथातून बारा पायऱ्या प्रसिद्ध झाल्या. पाचवी पायरी पाहा : आपल्या चुका देवापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी कबूल करायच्या. हा ख्रिस्ती पापनिवेदनाचाच वारसा. फरक इतकाच की ऐकणारा धर्मगुरूच असला पाहिजे असे नाही.

८/ गटातील नास्तिक सभासदांच्या आग्रहामुळे ‘देव’ या शब्दापुढे ‘ज्याला जसा उमगेल तसा’ या अर्थाची पुस्ती जोडली गेली. या छोट्या जोडणीचे महत्त्व मोठे आहे. तिच्यामुळेच ख्रिस्ती मुळांची ही रीत हिंदू, मुसलमान, बौद्ध, सर्वांना आपली म्हणता आली.

९/ आता इकडे या. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा लागू होता. हातभट्ट्याही पेटत होत्या. अमेरिकेचाच धडा पुन्हा गिरवला जात होता. अशा वातावरणात १९५७च्या सुमारास ‘एए’ भारतात रुजू लागली.

१०/ दुसरा धागा पुण्याचा. मुळशीच्या डोंगरांतून उतरणाऱ्या मुठेच्या काठावरच्या डेक्कन जिमखान्यावर १९३७मध्ये एक तरुण योग शिकवायला आला : बी. के. एस. अय्यंगार. पुढे त्यांचे एक शिष्य झाले मुंबईचे कॅथलिक धर्मगुरू फादर जोसेफ परेरा.

११/ १९८१मध्ये फादर परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग यांची तिथे सांगड घातली गेली. व्यसनाने मन पोखरते तसे शरीरही. म्हणून कबुलीच्या जोडीला आसन आणि श्वास. २००९मध्ये फादरांना पद्मश्री मिळाली. दरम्यान १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगण’ उभे राहिले. त्याची घडण धार्मिक नव्हती, पण सावरलेल्याने सावरणाऱ्याचा हात धरायचा, हे सूत्र तिथेही होते.

१२/ ऑक्सफर्ड ग्रुपचे काय झाले? १९३८मध्ये बुकमन यांनी तिला ‘नैतिक पुनरुत्थाना’च्या चळवळीचे रूप दिले. पाचगणीचे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र तिचेच. म्हणजे एकाच झाडाच्या दोन फांद्या सह्याद्रीच्या मुलखात आल्या, त्याही वेगवेगळ्या वाटांनी.

१३/ आणि एबी थॅचर? ते पुन्हा पिऊ लागले. वर्षानुवर्षे पडत-उठत राहिले. विल्सन मात्र अखेरपर्यंत त्यांनाच आपला तारक मानत आले आणि त्यांना सांभाळत राहिले. १९६६मध्ये थॅचर वारले, तेव्हा ते दारूपासून दूर होते. या चळवळीने मैत्रीला यशाची अट घातली नव्हती. पडलेल्याला पुन्हा खुर्ची द्यायची, एवढाच तिचा नियम होता आणि तिच्या बैठकांत तो आजही पाळला जातो.