कूपरेजचे मैदान आणि रहीमसाहेबांची तालीम

आमचे जळकोट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. शाळेत पी.टी.च्या तासाला दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे ठेवले की गोल तयार होतो. एकदा एका मुलाने विचारले, "सर, आपलं स्टेडियम कधी होणार?" आम्ही हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनात राहिला. स्टेडियम झाले म्हणजे खेळ रुजतो का? याचे उत्तर शोधताना आमच्याच रस्त्याच्या दोन टोकांचा इतिहास हाती लागला. एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला हैदराबाद.

मुंबईत मंत्रालयाच्या परिसरात कूपरेज मैदान आहे. कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा कारागीर. कंपनी सरकारच्या काळात या कारागिरांच्या शेड तिथे होत्या, त्यावरून हे नाव पडले. पुढे हेच मैदान मुंबईच्या फुटबॉलचे घर झाले आणि रोव्हर्स कपचे सामने तिथे रंगू लागले. ही स्पर्धा 1891 साली सुरू झाली. सुरुवातीची कित्येक वर्षे कप गोऱ्या पलटणींच्याच हाती जात असे. 1923 साली कलकत्त्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण हरला. अखेर 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने हा कप जिंकला. रोव्हर्स जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. 1940 साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स जिंकला आणि त्याच वर्षी दिल्लीत डुरँड कपही पटकावला.

यानंतरची गोष्ट आपल्या मुलखाची आहे. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. तेव्हा आमचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, हैदराबाद राज्यातच होता. 1956 साली राज्य पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. नकाशा बदलला तशी आठवणही पुसली गेली. त्या विजयात आपलाही काही हिस्सा होता, हे आपल्या मुलांना कोणी सांगितलेच नाही.

या संघाचे उस्ताद होते सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. हैदराबादच्या शाळांत शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. 1943 पासून ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव आणि सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. पुढे भारतीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. 1951 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे हरवले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. मास्तरांनी त्या पराभवाचा धडा घेतला. 1956 साली मेलबर्नला भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा तो आशियातला पहिला देश. त्या संघात थंगराज, बलराम, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन असे हैदराबादचे खेळाडू होते. नावे वेगवेगळी, तालीम एक. 1962 साली जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून रहीमसाहेबांनी पुन्हा सुवर्ण मिळवून दिले आणि 11 जून 1963 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आता कूपरेजकडे परत येऊ. 2007 साली मुंबई एफसी हा क्लब निघाला. त्याचे घरचे मैदान कूपरेज. पुढे त्या मैदानाचे नूतनीकरण निघाले. मातीच्या जागी कृत्रिम हिरवळ आली, सुमारे पाच हजार प्रेक्षकांची सोय झाली. काम चालू असताना मुंबईच्या या संघाला घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. स्टेडियम उभे राहिले, संघ परतला. पण 2017 साली आय-लीगमधून खाली घसरल्यावर क्लबच बंद झाला. हिरवळ राहिली, घरधनी गेला.

कोल्हापुरात मात्र उलटे दिसते. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या पेठांच्या तालमी आधी. त्यांच्या जिवावर शाहू स्टेडियम भरते. पेठेतले आजोबा आणि नातू एकाच संघासाठी ओरडतात. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

यावरून स्टेडियम नको, असे कोणी समजू नये. गावोगावी मैदान हवेच. आपल्या वस्त्यांत तर मुलांना धावायलाही जागा उरत नाही, आणि मुलींच्या खेळाचा विचार तर आपण करतच नाही. मैदानासाठी मागणी करणे हा आपला हक्क आहे. पण मैदान मिळेपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. पाच वर्षे कूपरेज गाजवणाऱ्या संघामागे एक शिक्षक उभा होता. शाळा सुटल्यावर रोज तासभर मुलांबरोबर थांबणे कोणत्याही मंजुरीवाचून करता येते.

त्या मुलाला आम्ही आता उत्तर दिले आहे. स्टेडियम कधी होईल ते आम्हाला सांगता येणार नाही. संघ मात्र सोमवारपासून होईल. दगड तेवढे त्याने आणायचे.