वाघबारशीची तिथी

आश्विन वद्य द्वादशीला देशावर वसुबारस असते. बायका गाय-वासराची पूजा करतात, गहू आणि दूध वर्ज्य करतात, बाजरीची भाकरी नि गवारीच्या भाजीवर उपास सोडतात. त्याच तिथीला अकोले, जुन्नर, आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर वाघबारस करतात. गाईची पूजा आणि गाय खाणाऱ्याचीही, एकाच दिवशी! हे ध्यानात आल्यापासून आमच्या मावळात, औंढे-लोहगडाच्या बाजूला वाघरू, म्हणजे बिबट्या, दिसल्याचे कानावर आले, की मी आधी पंचांग उघडतो.

वाघोबाचे ठाणे शिवेवर असते. शेंदूर फासलेला दगड किंवा लाकडी फळी, तिच्यावर वाघ, वर सूर्य-चंद्र. गुराखी पोरे घरोघर शिधा मागतात, ठाण्यापुढे खीर रांधतात. मग एखादा पोरगा वाघ होतो, एखादा अस्वल. बाकीचे दरडावतात, ‘आमच्या शिवारात येशील का?’ वाघ ‘नाही, नाही’ म्हणत पळत सुटतो.

वाघबारस म्हणजे वसुबारशीचेच डोंगरी रूप, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. वसुबारस गोठ्यातली आणि बायकांची, वाघबारस रानातली आणि गुराख्यांची. खालून वर गेली असती तर विधीचा एखादा धागा तरी सोबत गेला असता. खाली ज्या दिवशी दूध वर्ज्य, त्याच दिवशी वर खीर शिजते. सुगीचा सण म्हणावे, तर आमच्याकडे तोवर निम्मे इंद्रायणी भात वावरातच उभे असते.

माझ्या मते हा वाघ दिसण्याच्या हंगामाचा सण आहे. श्रावणात मावळात धुके असे दाटते, की दहा पावलांवरून जनावर गेले तरी कळत नाही. आश्विनात पाऊस उघडतो. गवत कमरेएवढे झालेले, गुरे लांबच्या माळावर, बायका गवत कापायला डोंगरात, रात्री भाताची राखण. बिबट्याची मादी वर्षात केव्हाही विते, म्हणजे हंगाम बिबट्याचा नव्हे, माणसाच्या कामाचा. जुन्नरकडे उसाला तोड लागली की फडात बछडी सापडतात, ती काही तोडीच्या मुहूर्तावर जन्मलेली नसतात. अकोल्याच्या शेतीपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे निघाले, तेही जंगल नसलेल्या मुलखात. त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एवढी जनावरे शेजारी नांदतात, नजरेस पडतात ती विळा-कोयता चालू लागल्यावर.

पण मग वद्य पक्षच का? इथे टांझानिया मदतीला येतो. क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी तिथे माणसांवर झालेले सिंहाचे हल्ले चंद्राच्या कलांशी ताडून पाहिले आणि २०११ साली निष्कर्ष मांडला: पौर्णिमा सरली, संध्याकाळी अंधार पडू लागला, की हल्ले वाढतात. आमचा बिबट्या सिंह नव्हे, त्याचा डोळा बहुधा कुत्र्या-शेळ्यांवर असतो. तरी अंधाराचा फायदा दोघांना सारखाच, आणि वासरू गेलेल्या गुराख्याला हे सांगायला शास्त्रज्ञ लागला नसेल. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पावसाचा भरवसा नसतो. कोजागरीनंतरचा पंधरवडा हाच पाऊस परतल्यावरचा पहिला अंधारा पंधरवडा.

एक गाठ मात्र राहते. पॅकरच्या हिशेबाने धोक्याचे दिवस पौर्णिमेला लागूनचे, आणि वाघबारस त्यानंतर बारा दिवसांनी. इथे मी वसुबारसवाल्यांना अर्धे माप देतो. पंधरवडा डोंगराने ठरवला असावा. त्यातली द्वादशी खालच्या बाजारपेठेतून, दिवाळीच्या खरेदीसोबत वर चढली असावी.